आवारात जनावर (साप) दिसलं: लांब नेऊन सोडायचं की तिथेच राहू द्यायचं?

सडेकर (धागाकर्ता)
मिरग लागला की देवगड, राजापूर, रत्नागिरीकडे साप पकडणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. त्यातले बरेच फोन धामणीसाठी असतात, आणि ते करूच नयेत असं माझं मत आहे. धामण बिनविषारी. ती आवारात येते ती उंदरांच्या मागावर. तिला पकडून पंधरा-वीस किलोमीटरवर सोडली तर उंदीर तसेच राहतात, बीळ रिकामं होतं आणि त्या बिळात पुढे नाग शिरला तर नवल नाही. नव्या जागी धामणीला ना बिळं ठाऊक ना पाणी, ती भटकत रस्त्यावर येते. घरात शिरलेलं जनावर किंवा पडवी-खळ्यात ठाण मांडून बसलेलं विषारी जनावर, एवढ्यासाठीच फोन करावा. आणि ‘धामण गाईच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते’ हे आता पुरे. सापाच्या तोंडाची रचनाच ओढून पिण्याची नाही.

काजूबी
सडेकर, कागदावर छान आहे. पण हे धामण आहे की नाग, हे ठरवायचं कोणी? रात्री नऊला, वीज गेलेली, हातात मोबाइलचा टॉर्च. फणा काढला नाही तर नागसुद्धा लांबून धामणीसारखाच दिसतो. घोणशीचं पिल्लू अजगराचं समजून उचलणारे आहेत, तिलाच बिनविषारी ‘डुरक्या घोणस’ समजून हाताळणारेही आहेत. घरात रांगतं मूल आणि गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं असतील तर दिसलं की फोन, हाच नियम बरा. ओळख पटवायचं काम ज्याला येतं त्याने करावं.

सडेकर
सगळे साप ओळखायला कोण सांगतंय? चार विषारी ओळखा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात आणि फूत्कार कुकरच्या शिटीसारखा दणदणीत. अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे. फुरसं जेमतेम फूटभर, डोक्यावर बाणासारखी खूण. वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतं.

काजूबी
मण्यारीची खूण मुद्दाम वगळलीत का? खरा गोंधळ तिथेच आहे. बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारतात ते वेगळं, पण मण्यारीला कवड्या समजून झाडूने लोटतात त्याचं काय?

पडवीतली खुर्ची
दोघांसाठी एकच खूण. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यार चकचकीत काळी-निळसर, बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट. कवड्या भिंतीवर सहज चढतो, मण्यार बहुतेक जमिनीवरच. शंका राहिली तर मण्यारच समजा. तिचा दंश रात्री झोपेत, जमिनीवर अंथरूण टाकलेल्यांना होतो. दुखत नाही, सूज नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, गिळायला त्रास. घरचे पित्त समजून सोडा पाजतात. उपाय साधा: खाट, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. नुसती लोंबती ठेवलेली मच्छरदाणी डासालाही अडवत नाही.

चिरेखाण
साप ठेवायचा की न्यायचा यावर वाद घालण्याआधी तो येतो कशाला ते बघा. नारळाच्या सोडणांचा ढीग, झावळ्या, उरलेले चिरे, जळाऊ लाकडं हे सगळं भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. ते घरापासून निदान वीस फूट लांब न्या. लाकडं जमिनीवर नको, फूट-दीड फूट उंच मांडावर रचा. जोत्याभोवती चार फूट पट्टा गवत-पाचोळ्याविना ठेवा. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेला पाव इंची डोळ्याची जाळी लावा, दर आठवड्याला केस-साबण काढा, नाहीतर पाणी तुंबतं आणि वैतागून कोणीतरी जाळीच उपटून टाकतं. दाराखाली करंगळी जाईल एवढी फट म्हणजे फुरशाला राजमार्ग. रबरी पट्टी ठोका. फिनेल, गंधक, लसूण यांनी साप अडत नाही. पैसे वाया.
गडग्याच्या (रचीव दगडी कुंपणाच्या) फटी सिमेंटने भरल्या की निम्मं काम झालं.

काजूबी
गडगा भरून टाका म्हणणाऱ्याने उतारावरचं घर बघितलेलं दिसत नाही! रचीव गडग्यातून पाणी झिरपून जातं म्हणून तो पावसात उभा राहतो. सगळ्या फटी बुजवल्या की वरच्या अंगाला पाणी आणि माती दाबते, आषाढात गडगा आडवा.

चिरेखाण
बरोबर, ते अर्धवट लिहिलं. घरालगतचाच भाग, खालचे दोन फूट भरायचे, आणि दर चार-पाच फुटांवर दोन इंची पाइप उताराकडे कललेला ठेवायचा, तोंडाला जाळी. बाकी गडगा तसाच राहू द्या.

हापूसवाला
तुम्ही सगळे घराचं बोलताय. सड्यावरच्या (कातळी माळावरच्या) बागेत काय? आंब्याच्या आळ्यात पाचोळा लागतो, तो काढला तर ओल जाते. फुरशाचा रंग त्या पाचोळ्याचाच. काढणीला येणारे गडी संध्याकाळी पायात स्लिपर घालून पडलेले आंबे वेचतात. तिथे ‘राहू द्या’ कसं म्हणणार? गड्यांच्या खोपीभोवती दिसलेलं प्रत्येक फुरसं उचलून न्यायला हवं.

सडेकर
किती उचलणार? इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर इनाम लावून ढिगांनी मारली. संपली का? फुरसं अंडी घालत नाही, पिल्लंच देतं, आणि कातळाच्या भेगा कोण बुजवणार? गड्यांना गमबूट द्या. आंबा हाताने उचलण्याआधी लांब दांड्याच्या दाताळ्याने पाचोळा हलवायचा, अंधार पडायच्या आत वेचणी बंद.

हापूसवाला
मे महिन्यात गमबूट घालून दिवसभर काम करून बघा एकदा. पाय उकडून निघतात, दुसऱ्या दिवशी बूट खोपीत आणि गडी स्लिपरवर. संध्याकाळच्या वेचणीपुरते सक्तीचे केले तरच टिकतं. खोपीभोवतीचं फुरसं मात्र न्यायलाच हवं, यावर मी ठाम.

खाडीपल्याड
नेणारा कुठे सोडतो, हे विचारता का कोणी? बहुतेक वेळा दुसऱ्याच्या काजूबागेत. पकडणारा वन खात्याकडे नोंद असलेलाच हवा, त्यासाठी १९२६ वर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणं, बाळगणं, खेळ दाखवणं गुन्हा आहे. साप आकडीने कापडी पिशवीत जायला हवा, प्लास्टिकच्या बरणीत नाही. सोडायचा तो शक्य तितक्या जवळ, वस्तीपासून बाजूला, त्याच दिवशी. जो फणा धरून फोटो काढतो त्याला पुन्हा बोलावू नका.

पडवीतली खुर्ची
आणि चावलंच तर? दोरी आवळू नका. फुरसं-घोणस चावल्यावर विष एका जागी कोंडून मांस सडतं. आधीच कोणी घट्ट बांधली असेल तर वाटेत झटकन सोडू नका, रुग्णालयात डॉक्टरांसमोरच सोडायची. अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा. मोडलेल्या हाडासारखी फळी बांधा, चालवू नका, १०८ ला फोन. चिरणं, चोखणं, बर्फ, काही नको. साप शोधत बसू नका. प्रतिविष चौघांवर एकच आहे. डॉक्टर दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं स्थिर ठेवतात. गोठलं नाही तर प्रतिविष सुरू, बहुधा आठ-दहा कुप्यांपासून. पावसाआधी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन कुप्या आहेत का ते विचारून ठेवा.

काजूबी
चौघांवर एकच, पण चापड्यावर ते चालत नाही. बांबूच्या बेटात हिरवा, तिकोनी डोक्याचा असतो तो. त्याला हरणटोळ समजून हात लावू नये. हरणटोळ वेलीसारखा बारीक, तोंड टोकदार.

हापूसवाला
बघा, म्हणजे पाचवाही ओळखायला लागला. सडेकर, तुमची चारांची यादी कुठे गेली?