मांजरीला विमानाने नाशिकहून बेंगळुरूला न्यायचंय, कुणी नेलंय का?

गोदाकाठ:

मंडळी, नमस्कार.

मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तिची मांजर, खारी, आमच्या गळ्यात टाकून गेली. रंग अगदी खारी बिस्किटाचा, म्हणून हे नाव. आता मुलीला मांजर चालणारं घर मिळालंय आणि रोज फोनवर एकच, "बाबा, खारीला कधी आणताय?" इकडे खारी अजून संध्याकाळी साडेसहाला दारापाशी जाऊन बसते. साडेसहा ही मुलीची घरी यायची वेळ. सौ. ला ते बघवत नाही. मलाही नाही, पण मी बोलत नाही.

मी एसटीत 34 वर्षं होतो, शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक. करडू घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्यांशी, पिशवीतून मान बाहेर काढलेल्या कोंबड्यांशी किती हुज्जत घातली असेल! आता आमच्यावरच आली. विमानात मी आजवर एकदाच बसलोय, दिल्लीला जाताना, आणि तेव्हाही मुलगी सोबत होती.

शंका अशा आहेत. ओझरहून, म्हणजे आमच्या नाशिकच्या विमानतळावरून, जाता येईल का? खारी 4.3 किलो आहे, म्हणजे मर्यादेत बसते का? ओळखीच्या एकाने सांगितलं, गुंगीची अर्धी गोळी द्या, झोपून जाईल. द्यावी का? आणि त्या सामानाच्या एक्स-रे यंत्रातून मांजरीला पाठवतात की काय?

खारी बॅग दिसली की कपाटामागे जाते, हेही सांगून ठेवतो.

दोनबोके:

काका, माझे दोन बोके पुण्याहून तीनदा उडालेत. घाबरू नका, पण स्वतःचं तिकीट आधी काढू नका. सगळे इथेच चुकतात. एका विमानात केबिनमध्ये एकदोनच प्राणी घेतात. आधी फोन करून त्या दिवशीच्या विमानात जागा आहे का ते विचारा, मग तुमचं तिकीट, आणि लगोलग खारीचं बुकिंग. तिचे पैसे वेगळे पडतात.

ओझरचं विसरा. तिथून उडणारं विमान इंडिगोचं, आणि इंडिगो अपंग व्यक्तींसोबतचे श्वान सोडले तर प्राणी घेत नाही. मुंबईहून अकासा किंवा एअर इंडिया बघा. अकासाने 2022 च्या नोव्हेंबरात प्राणी न्यायला सुरुवात केली तेव्हा मर्यादा 7 किलो होती, पुढे वाढवली. एअर इंडियाचा 5 किलोचा जुना आकडा अजून अर्ध्या इंटरनेटवर फिरतोय. तेव्हा कुणाच्या ब्लॉगवर जाऊ नका (माझ्यावरही नको!), आजचा आकडा फोनवर विचारा आणि ईमेलवर लिहून मागा. काउंटरवरचा माणूस भलतंच सांगायला लागला की तो ईमेल पुढे करायचा. एका कंपनीच्या काउंटरवर माझी बॅग दोन इंच उंच ठरली होती. ईमेल होता म्हणून गेले, नाहीतर बोक्यांसकट घरी.

वजन नेहमी बॅगेसकट धरतात. तुमचे 4.3 हे उघड्या मांजरीचे.

बॅग मऊ कापडी घ्या, जाळीची, आणि वरूनही उघडणारी. बाजूच्या चेनमधून मांजर कधी स्वतःहून बाहेर येत नाही, चारी पाय फाकवून अडून बसते. वरून अलगद उचलता येते. तळ घट्ट हवा, झोळी होता कामा नये, कारण ती पुढच्या सीटखाली सरकवायची असते. आणि बॅग आजच आणा. हॉलमध्ये उघडी टाकून द्या, आत तिचं जुनं फडकं, कधीमधी दोन दाणे. तीन आठवडे तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

एक्स-रेमधून फक्त रिकामी बॅग जाते. मांजर तुमच्या हातात, आणि तुम्ही दाराच्या चौकटीतून. त्यासाठी हार्नेस (छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा) घालाच आणि त्याची दोरी मनगटाला गुंडाळा. चारशे माणसांच्या रांगेत सुटलेलं मांजर मी पाहिलंय. माझं नव्हतं, पण अजून स्वप्नात येतं. तपासणीवरच्या सीआयएसएफच्या जवानांना आधीच सांगा, मांजर आहे, आडोशाला तपासता येईल का. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि वेब चेक-इन होत नाही, काउंटरवरच जावं लागतं. भरपूर आधी पोहोचा.

रुळावरून:

एवढा खटाटोप कशाला? रेल्वेने न्या. एसी फर्स्टमध्ये दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन अख्खी आपल्या नावावर असली की प्राणी नेता येतो, पार्सल ऑफिसात पावती करायची. आमचा कुत्रा असाच दिल्लीला गेला, आरामात तंगड्या पसरून.

दोनबोके:

आणि कूपे मिळाला नाही तर गार्डच्या डब्यातलं खोकं. कूपे मिळेल की केबिन की दुसऱ्या कुणाबरोबर जागा, हे चार्ट लागल्याशिवाय कळत नाही. कुत्र्यासाठी ठीक. मांजर बेंगळुरूपर्यंतचा सगळा वेळ बर्थखालच्या कोपऱ्यात काढेल आणि उतरताना काका पोटावर झोपून तिला ओढत असतील.

गुरांचाडॉक्टर:

साताऱ्याकडे प्रॅक्टिस करतो. बहुतेक गाई-म्हशी, पण हल्ली मांजरंही बरीच येतात.

गुंगीची गोळी देऊ नका. ओळखीच्याने सांगितलेली तर नकोच. गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो आणि बॅग हलली की जनावराला तोल सावरता येत नाही. त्यात विमान उंच गेलं की केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ होते. तुम्ही नाशिकचे, कळसूबाईचा माथा 1646 मीटर, म्हणजे साधारण 5400 फूट. त्याच्याही वरची हवा समजा. धडधाकट मांजरीला दीड-दोन तास त्याचं काही वाटत नाही, गुंगीतल्या मांजरीचं सांगता येत नाही. फारच भित्र्या मांजरीसाठी आम्ही कधी सौम्य औषध देतो, पण ते तपासून आणि आधी घरी एकदा देऊन बघून.

प्रवासाआधी चार-सहा तास खाणं बंद, पाणी घोटघोट चालू द्या. रेबीजची लस झालेली हवी आणि पुस्तिकेत तारीख, लसीचं लेबल, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसती सही चालत नाही, त्यावरून लोक परत आलेत. आरोग्याचा दाखला किती दिवसांपूर्वीचा चालेल हे कंपनी ठरवते, तो आकडा विचारून मगच डॉक्टरांकडे जा.

खारी साधी गावठी असेल तर उत्तम. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर या चपट्या नाकाच्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, उकाड्यात आणि भीतीत ती आणखी आवळते. त्यांना सामानाच्या कप्प्यातून पाठवायचा विचारही करू नये. प्रवासात एकच लक्षात ठेवा. मांजर ओरडली तर ओरडू द्या, पण तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली तर ते बरं लक्षण नाही. लगेच कर्मचाऱ्यांना सांगा.

इसारकाठ:

म्युनिकहून. काकांना उपयोग नाही, पण परदेशी नेणारं कुणी वाचत असेल तर माझ्या चुकीवरून शिका. युरोपसाठी क्रम ठरलेला आहे: आधी 15 अंकी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. आम्ही लस आधी टोचली आणि चिप नंतर बसवली. ती लस कागदावर शून्य. सगळं पहिल्यापासून. मी इथे आणि कुत्री सासरी कोल्हापुरात, चार महिने व्हिडिओ कॉल. सासूबाईंनी तोवर तिला पांढरा रस्सा पाजून असं काही गुबगुबीत केलं की केबिनची 8 किलोची मर्यादा गाठायला तिला डाएटवर ठेवावं लागलं.

गोदाकाठ:

सर्वांचे आभार. महिनाभराने लिहितोय, कारण आधी लिहून तोंडघशी पडायचं नव्हतं. खारी बेंगळुरूत आहे.

दोनबोके ताई, बॅग तुम्ही सांगितली तशीच घेतली, वरून उघडणारी. पहिले पाच दिवस खारीने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी सौ. नी ओट्यावरून हाक मारली, बघतो तर बाईसाहेब आत, शेपूट तेवढी बाहेर. मग रोज बॅगेतच जेवण. पुढे चेन लावून घरातल्या घरात फेरी, मग रिक्षाने पंचवटीपर्यंत जाऊन परत. रिक्षावाल्याने विचारलं, "दर्शनाला नेलं होतं का?"

वजनाचा प्रश्न रद्दीवाल्याने सोडवला. घरच्या काट्यावर आधी मी, मग मी आणि मांजर, मग वजाबाकी, असा खेळ तीनदा केला आणि तीन उत्तरं आली. शेवटी दारावर रद्दीवाला आला, त्याच्या हुकाला बॅग खारीसकट अडकवली. 5 किलो 700. त्याने भाव विचारला नाही, एवढंच.

दाखल्याच्या वेळी डॉक्टरसाहेबांचं म्हणणं पटलं. आमच्या पुस्तिकेत लसीची तारीख होती, लेबल होतं, शिक्का होता, नोंदणी क्रमांक नव्हता. तो लिहून घेतला. काउंटरवरच्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवून पाहिलं.

पहाटे साडेपाचला टॅक्सीने निघालो, विमान सव्वाबाराचं. कसारा घाटात वळणं सुरू झाली आणि खारीने बॅग ओली केली. शहापूरजवळ हॉटेलच्या आडोशाला गाडीच्या काचा बंद करून खालचं पॅड बदललं. पॅड दोन घेतले होते, चार घ्यायला हवे होते. विमानतळावर आम्हा दोघांना वास येतोय की काय या विचाराने मी अंग चोरून उभा होतो.

काउंटरवर बॅग मोजली, वजन केलं, एका कागदावर सही घेतली (मांजरीला काही झालं तर जबाबदारी माझी, अशा अर्थाचा), बॅगेला चिठ्ठी लावली. खिडकीची जागा दिली.

मग तपासणी. इथे माझे पाय गळाले. बाजूला घेतलं खरं, पण खोली नव्हती, एका पडद्यामागे. चेन वरून उघडली, खारीला उचललं, रिकामी बॅग पुढे गेली. तिने पुढचे दोन्ही पंजे माझ्या जाकिटात रुतवले आणि डोकं माझ्या काखेत घातलं, जितकं घालता येईल तितकं. तिचं काळीज माझ्या बरगडीवर असं वाजत होतं की माझं कुठलं आणि तिचं कुठलं कळेना. यंत्र कुठेतरी पीं करायचं आणि दर पीं ला नखं अर्धा सूत आणखी आत. महिला जवान होती. तिने यंत्र माझ्या पाठीवरून फिरवलं, मग हळूच विचारलं, "नाम क्या है?" म्हटलं, खारी. ती हसली, "मतलब नमकीन?" तेवढ्या दोन मिनिटांत मी घामाने भिजलो होतो, तेव्हा नाव बरोबरच होतं म्हणा.

विमान वर चढताना तिने एकच लांबलचक हाक दिली, मांडवात सनई सुरू व्हावी तशी. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं. नंतर गप्प. जाळीला बोट लावलं की नाक टेकवायची. उतरताना कानात दडे बसतात म्हणून मी चेन बोटभर उघडून थोडं चाटण आत दिलं. विमानात बॅग उघडायची नाही हा नियम आहे. 34 वर्षं लोकांना नियम सांगणाऱ्या माणसाला तो ठाऊक होता. मी खिडकीबाहेर बघत दिलं.

बॅगेच्या फडक्यात सौ. नी मुलीचा जुना कुर्ता शिवला होता, मला न सांगता. मुलीने घरी बॅग उघडली तेव्हा तिला तो दिसला. पुढचं लिहीत नाही.

दोनबोके:

काका!! फोटो टाका ना.

गोदाकाठ:

टाकतो. आधी ती सोफ्याखालून बाहेर येऊ दे. रात्री येते, खाते, मुलीच्या पायाशी झोपते. उजाडलं आणि मी दिसलो की परत सोफ्याखाली. मी तिला पुन्हा बॅगेत घालेन असं तिला वाटतंय.