मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं चालू, तरी मुळा-मुठेत फेस का?

नदीकाठ:
पुण्याच्या खाली बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे पांढरा फेस, संथ पाण्यात जलपर्णी. केंद्राच्या अहवालात मात्र सोडलेल्या पाण्याचा बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; जितका जास्त तितकं पाणी घाण) १० मिग्रॅ/लि.च्या आत. दोन्ही खरं कसं? आणि नमुना आपण घ्यायचा तर कसा?

गाळवाला:
दोन्ही खरं असू शकतं. अहवालात केंद्रात पोचलेलं पाणीच येतं, न पोचलेल्याची नोंद कुठे? हिशोब करा. १०० एमएलडी (म्हणजे रोज १०० दशलक्ष लिटर) पाणी १० मिग्रॅ/लि. बीओडीने सोडलं तर नदीत रोज १,००० किलो भार जातो. नाल्यातून १० एमएलडी कच्चं मैलापाणी निसटलं, बीओडी २०० धरला, तर २,००० किलो. म्हणजे शुद्ध केलेल्या सगळ्या पाण्याच्या दुप्पट.

निसटतं ते बहुधा नाला अडवून पाणी उचलतात तिथे. जाळीत चिंध्या नि प्लॅस्टिक बसतं, पातळी चढते, पाणी ओव्हरफ्लोने थेट नदीत. वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं तरी तेच. म्हणून केंद्राची क्षमता विचारत बसू नका, पंपिंग स्टेशनचं लॉगबुक मागा: पंपांचे तास, वीजमीटर, जाळी साफ केल्याची वेळ.

त्यात खडकवासल्याचं पाणी शहराला आणि कालव्याला जातं. पावसाळा सोडला तर मुठेत घाण पातळ करायला पाणीच नसतं.

ब्लोअर२४:
फेसाचा रंग बघा. पांढरा, हलका, लगेच विरणारा फेस बहुतेक डिटर्जंटचा. नीट हवा मिळालेल्या टाकीत डिटर्जंट बरंचसं कुजतं, त्यामुळे बोट पुन्हा कच्च्या पाण्याकडेच जातं. तपकिरी, सायीसारखा चिकट फेस असेल तर टाकीत तंतुमय जिवाणू माजलेत: गाळाचं वय (तो टाकीत किती दिवस राहतो ते) वाढलंय किंवा तेल-तूप येतंय. तो फेस वरून काढून बाहेरच न्यायचा, परत टाकीत ढकलला की बियाणं पेरल्यासारखं होतं.

जलपर्णीचं कारण वेगळं, तिला नायट्रोजन-फॉस्फरस पुरतं. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. वीज वाचवायला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं) बंद ठेवले की आधी हेच काम बसतं, बीओडी मात्र ठीकठाक दिसत राहतो. हरित लवादाने २०१९ मध्ये नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिग्रॅ/लि. सांगितलं ते उगाच नाही. तेही आकडे मागा.

बाटली३००:
नमुना नाल्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घ्या. सकाळी सात ते दहा, घरांचं पाणी तेव्हा जास्त असतं. बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला. आपल्याकडे ती २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात.

विरघळलेला ऑक्सिजन मात्र काठावरच बांधायचा, म्हणजे रसायन घालून आहे तितकाच धरून ठेवायचा. ३०० मिलीची बाटली बुडबुडा न ठेवता भरा; पिपेटचं टोक पाण्यात बुडवून १ मिली मँगनीज सल्फेट, मग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून उलटसुलट करा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास शून्य. द्रावण कातडीला लागू देऊ नका, हातमोजे घाला.

आणि बंधाऱ्याच्या लगेच खाली हा नमुना घेऊ नका. तिथे पाणी उसळून हवा पितं, आकडा फसवा येतो. वरच्या संथ डोहातून घ्या.