बर्क–विल्स मोहीम: वाचायला सुरुवात कुठून करू?

उंबरठा
वाचनालयात ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडायला निघालेल्या १८६०-६१ च्या बर्क–विल्स मोहिमेवर तासभर बोलायचं आहे. जिथे बघावं तिथे ‘नऊ तासांनी चुकामूक झाली’ एवढंच. मोहीम फसली कशी, हे नीट मांडायला काय वाचू आणि कोणत्या क्रमाने?

रेखांश
चुकामूक शेवटी घ्या. आधी सामानाची यादी. २० ऑगस्ट १८६० ला मेलबर्नहून निघताना जवळजवळ २० टन ओझं होतं; ओकचं टेबल आणि उंटांसाठी रमसुद्धा. उंट मोहिमेतल्या लँडेल्सने कराचीहून नेले होते, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून. श्रोत्यांना हे जरूर सांगा.

मग मोहीम फसल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगापुढची, मोहिमेतल्या राइटची साक्ष. खरी मेख तिथे आहे. मोहिमेचा प्रमुख बर्क बहुतेक सामान वाटेतल्या मेनिंडी या वस्तीत सोडून पुढे गेला आणि ते मागून आणायचं काम राइटकडे होतं. राइट जानेवारीअखेरपर्यंत हललाच नाही, त्यामुळे पुढे कूपर्स क्रीक या ओढ्याकाठी टाकलेल्या तळावर रसद पोचलीच नाही.

त्यानंतर शिध्याचा हिशेब करा: १६ डिसेंबरला, ऐन उन्हाळ्यात, बर्क-विल्ससह चौघे या तळावरून १२ आठवड्यांचा शिधा घेऊन उत्तरेला निघाले. समुद्राजवळ पोचायलाच आठ आठवडे लागले. एवढी घाई का? दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीचा शोधप्रवासी स्टुअर्ट आधी पोचेल ही धास्ती, कारण तारेचा (टेलिग्राफचा) मार्ग आणि चराईची जमीन ज्या वसाहतीच्या हाती, तिचा फायदा.

आता २१ एप्रिल. तळावर वाट पाहत थांबलेला ब्राहे सकाळी तळ सोडून गेला; उत्तरेहून परतलेले बर्क, विल्स आणि त्यांचा साथीदार किंग त्याच संध्याकाळी पोचले. हीच ती नऊ तासांची चुकामूक. ब्राहेने पुरून ठेवलेला शिधा काढून बर्कने खड्डा होता तसा बुजवला, झाडावर नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राहे आणि राइट येऊन बघून गेले, त्यांना काहीच कळलं नाही.

पाणवठा
शिधा संपत आल्यावर हे तिघे जी खात होते त्या नार्डू वनस्पतीवर दहा मिनिटं ठेवाच. पाण्याकाठच्या या नेच्यात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. तिथले मूळ रहिवासी यांद्रुवांधा लोक ते भरपूर पाण्यात वाटून पातळ करून खात. बर्क-विल्सनी कोरडं पीठ करून भाकऱ्या भाजल्या. पोट भरूनही बळ येत नाही, असं विल्सच्या रोजनिशीत आहे. बर्क आणि विल्सच्या मृत्यूचं कारण बेरीबेरी (ब१ च्या अभावाने होणारा रोग) हा मात्र नंतरच्या अभ्यासकांचा निष्कर्ष, तसंच सांगा.

मासे देणाऱ्या त्याच लोकांवर बर्कने गोळी झाडली. किंग त्यांच्यात राहिला म्हणून १५ सप्टेंबर १८६१ ला हॉविटच्या शोधपथकाला जिवंत सापडला. किंगची साक्ष विल्सच्या रोजनिशीनंतर लगेच वाचा.

रेखांश
सहमत. शोधपथकांचे अहवालही सोडू नका. लँड्सबरो, मॅकिन्ले माणसं शोधायला गेले आणि गवताळ प्रदेशाची माहिती घेऊन आले. मेंढ्या-गुरांचे कळप त्याच जमिनीवर उतरले.