ईथर लिपिड : मेद, स्निग्ध की वसा?

पानभर : एका दुर्मीळ आजाराचं माहितीपत्रक पालकांसाठी मराठीत करतेय. ऱ्हायझोमेलिक काँड्रोडिस्प्लेशिया पंक्टाटा. बाळाचे दंड आणि मांड्या आखूड राहतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो, कारण पेरॉक्सिझोम या पेशीतल्या इवल्या कप्प्यांमध्ये ईथर लिपिडं बनतच नाहीत. मी 'ईथरयुक्त मेद' लिहिलं. एका आईला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "भूल द्यायचं ईथर ना? ते अंगात कमी असलेलं बरंच की!" आता काय लिहू?

मधली आळी : ईथर राहू द्या, खाली खुलासा टाका. बाटलीतलं ईथर नव्हे, फक्त जोड त्या जातीचा : दोन कार्बनांच्या मधे एक ऑक्सिजन. एरवी ग्लिसरॉलला, म्हणजे मेदाच्या कण्याला, मेदाम्लं एस्टर जोडाने चिकटतात, इथे पहिल्या कार्बनपाशी ईथर जोड. आणि मुद्रितं स्वतः तपासा. माझ्या लेखात एकाने सगळी ईथरं 'सुधारून' एस्टर केली होती. लेखात उरलं काय?

जुनी पाटी : मेद कशाला? वसा म्हणा. शुद्ध शब्द आहे.

मधली आळी : उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका!

जुनी पाटी : हसा. आयुर्वेदात मेद वेगळा, वसा वेगळी. आणि ईथर तरी परकं कुठे? ग्रीक 'ऐथो' म्हणजे जळणं, आपला 'इन्ध्' त्याच मुळाचा. 'इंधनमेद' करा, गोड शब्द आहे.

तिखटमीठ : गोड आहे, पण चूक. हा मेद जाळायला साठवलेला नाहीच. यातले प्लाझ्मलोजेन पेशीच्या पटलात बसतात, मेंदूच्या मायलिनमध्ये, म्हणजे चेतातंतूंवरच्या वेष्टणात, तर भरपूर. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ते कमी आढळलेत. बाय द वे, त्यातला 'प्लाझ्मा' रक्तातला नव्हे. 1924 साली फॉयल्गेन आणि फॉइट यांना केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात अल्डिहाइड दिसलं, म्हणून 'प्लाझ्मल'. ते ज्यातून निघतं ते प्लाझ्मलोजेन. एका पुस्तकात मी 'रक्तद्रवजनक' वाचलंय. देवा!

खाडीकाठ : नावांचंच चाललंय तर सेलाकिल आणि बॅटिल अल्कोहोल घ्या. हीसुद्धा ईथर लिपिडंच. पहिलं शार्कच्या कुळावरून, दुसरं पाकटाच्या. त्यांच्या काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, तेलात सापडतात. आमच्याकडे मुशीचं तेल होडीला चोपडायचे. वास असा की आजी पदर नाकाला लावून दार ओढून घ्यायची.

तिखटमीठ : मुशी नाही हो, मोरी.

मधली आळी : मोरीत आम्ही भांडी घासतो.

खाडीकाठ : मालवणात मोरी म्हणा. आमच्याकडे लहान ती मुशी.

पानभर : पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. मेद ठेवू की स्निग्ध पदार्थ?

जुनी पाटी : स्निग्ध नको, शाळेतल्या तूप-तेलाच्या धड्यासारखं वाटतं.

तिखटमीठ : आणि मोठी झाली की मुशीचं काय होतं म्हणे?