आजोबांच्या टेबलाचा कोपरा घासला, जुना रंग परत येईल का?

नमस्कार मंडळी,

आजोबांचं लिहायचं टेबल आता माझ्याकडे आलंय. सागवानी आहे. वरची फळी गडद मधाच्या रंगाची, आणि जिथे त्यांचे मनगट टेकायचं तिथली कड हाताने झिजून गोल झालेली. डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग होता. तो काढायला मी आधी ८० आणि मग १५० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन वीतभर जागा घासली. डाग गेला आणि त्याच्याबरोबर रंगही गेला. खालून निघालं ते फिकट, पिवळट-हिरवट लाकूड, मध्येच काळसर पट्टे. ते बघून पोटात गोळाच आला. तेव्हापासून टेबलाला हात लावलेला नाही.

माझी समजूत अशी होती की लाकूड आतपर्यंत एकाच रंगाचं असतं आणि पॉलिशने फक्त चकाकी येते. आता नीट निरखलं तेव्हा कळलं की या एका टेबलातच चार-पाच रंग आहेत. खणाच्या आतली बाजू फिकी. मधोमध त्यांचं लिहायचं पॅड कायम असायचं, तो चौकोन लालसर. खिडकीकडची बाजू उडाल्यासारखी. पायांच्या तळाशी खिळ्यांभोवती निळसर काळे डाग. शिवाय वरच्या दोन फळ्यांमध्ये एक फट आहे. हवा कोरडी असली की तिच्यात पोस्टकार्ड सरकतं, दमट हवेत जवळजवळ मिटते.

जाणकारांना विचारायचंय ते असं: घासलेली जागा आपोआप गडद होईल का? लवकर व्हावी म्हणून टेबल उन्हात ठेवलं तर चालेल का? की सगळी फळीच घासून एकसारखी करून टाकू? घरातले तेच सुचवताहेत, पण माझं मन धजत नाही. काळे डाग म्हणजे लाकूड कुजतंय का, तेही सांगा. आणि ती फट लांबी (पुटी) भरून बुजवावी का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

सगळी फळी घासू नका, हे आधी सांगतो. बाकीचं नंतर.

लाकडाचा जुना रंग अगदी वरच्या थरात असतो. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य अतिनील किरण शोषतं आणि त्याने बदलत जातं. हे किरण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही आत जात नाहीत. साधा प्रकाश थोडा खोल पोहोचतो, एवढंच. ८० नंबरच्या कागदाने तो थर काही मिनिटांत निघतो. उघड्यावरचं सागवान राखाडी होतं तेव्हाही हेच घडतं: बदललेलं लिग्निन पावसाने धुऊन जातं, वर पांढुरके तंतू राहतात, त्यावर बारीक बुरशी बसते. रंधा मारलात तर खाली पुन्हा तपकिरी लाकूड.

तुमच्या कोपऱ्याबद्दल मात्र आशा आहे. ताजं कापलेलं सागवान असंच हिरवट, पट्टेरी दिसतं. प्रकाश आणि हवा लागली की काही आठवड्यांत पट्टे विरतात आणि सोनेरी तपकिरी रंग चढतो. प्रत्येक लाकूड असं वागत नाही. चेरी आणि महोगनी गडद होत जातात, अक्रोड उलट फिकट होतं. कडक उन्हात टेबल ठेवू नका, वरची बाजू आधी सुकून फळी वाकेल. उजेडाच्या खोलीत कोपरा उघडा ठेवा. त्यावर काही ठेवू नका, नाहीतर त्या वस्तूचा ठसा उमटेल. तुमच्या पॅडचा चौकोन तसाच झालाय.

तरी तो शेजारच्या रंगाशी पूर्ण जुळणार नाही, कारण तिथे जुन्या पॉलिशची पिवळसर छटाही आहे. टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश असेल तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर पॉलिश लाखेचं आहे. मग काम सोपं, कारण लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून मिसळतो.

प्रतिसाद

काळ्या डागांना घाबरू नका. लोखंडी खिळा, ओल आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य एकत्र आलं की असा निळा-काळा रंग तयार होतो. आरीने, म्हणजे टोच्याने, टोचून बघा. टोक आत जात नसेल तर लाकूड शाबूत आहे. मऊ लागलं किंवा चौकोनी ढलप्या सुटल्या तर कूज समजा. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली असेल तर ती वाढत नाही. फरशी पुसताना पायांना पाणी लागतं का, ते आधी पाहा.

डाग घालवायचेच असतील तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने जातात. पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर स्वच्छ पाण्याने पुसा आणि वाळल्यावर ती जागा घासू नका, धूळ छातीत जाते. मी असते तर डाग राहू दिले असते.

फट अजिबात भरू नका. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळपास बदलत नाही, पण आडवं आकसतं आणि फुगतं. दोन फूट रुंद फळीत हवामानाप्रमाणे दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. कोरड्या दिवसांत पुटी भरलीत तर दमट हवेत ती बाहेर ढकलली जाईल, नाहीतर फळी दुसरीकडे चिरेल.

धागाकर्ती

किती मन लावून उत्तरं दिलीत! स्पिरिट लावून पाहिलं, बोटाला चिकट लागलं, म्हणजे लाखच. आरीही आत गेली नाही. कोपरा सध्या उघडाच ठेवलाय आणि दर रविवारी त्याच जागेवरून फोटो काढणार आहे. घरात एक जुनी बाटली सापडली आहे, आधीच विरघळवलेल्या लाखेची. ती वापरू का?

प्रतिसाद

नको. विरघळवलेली लाख जुनी झाली की नीट वाळत नाही, चिकटच राहते. खात्री करायची असेल तर काचेवर एक थेंब पसरवून बघा. दुसऱ्या दिवशी नखाचा वण उठला तर बाटली बाजूला ठेवा. चपडा, म्हणजे लाखेचे सुके पापुद्रे, आणून लागेल तेवढाच ताजा स्पिरिटमध्ये भिजवा. पण आधी कोपऱ्याचा रंग स्थिर होऊ द्या, दोन महिने तरी.