९ एमएम कार्बाइन घ्यायची आहे, बॅरल किती इंचांची घेऊ?

सांजवेळ:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत असतो, ग्रीनकार्ड आहे. तीन वर्षं ९ एमएम पिस्तूल घेऊन स्टील चॅलेंज (पोलादी पाट्यांवर वेळ लावून नेमबाजीची स्पर्धा) खेळतोय. यंदा लेकीलाही (वय १५) यायचंय, म्हणून दोघांत मिळून एक कार्बाइन (आखूड रायफल) घ्यायची, पिस्तुलाचीच काडतुसं चालणारी, एवढं ठरलंय. घोडं अडलंय बॅरलपाशी. साधी १६ इंची घेऊ, कागदपत्रं करून साडेदहा इंची घेऊ, की साडेपाच इंची बॅरलला पुढे नळकांडं कायमचं जोडून १६ भरवलेली घेऊ? दुकानदार म्हणतो लांब घ्या, गोळी जोरात जाते. क्लबातले म्हणतात आखूड घ्या, झटकन वळते. वापर फक्त रेंज आणि स्पर्धा, ५० यार्डांपलीकडे क्वचितच. लेकीनं एका मित्राची जाड १६ इंची धरून पाहिली, तर अर्ध्या मिनिटात पुढचं टोक खाली झुकायला लागलं.

ग्रेन_१२४:
तुमच्या कामासाठी वेगाचा विचार सोडूनच द्या. ९ एमएम हे १९०२ सालापासूनचं पिस्तुलाचं काडतूस. दारू थोडी आणि भरभर जळणारी. आठ-दहा इंचांत तिचा बहुतेक जोर संपतो. पुढे दाब उतरत जातो आणि नळीतलं घर्षण मात्र चालूच राहतं. ११५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी गोळी पिस्तुलातून सेकंदाला ११५० फुटांच्या आसपास निघते, १६ इंचांतून १३०० च्या आसपास. यातली बरीचशी वाढ पहिल्या दहा इंचांतच मिळून जाते. १४७ ग्रेनच्या जड गोळीला तर एकूणच फार थोडा फायदा होतो, म्हणून ती १६ इंचांतूनही बहुधा ध्वनीच्या वेगाखालीच राहते.

दुकानदाराचं म्हणणं .३५७ मॅग्नमला लागू आहे. तिथे दारू जास्त आणि मंद जळणारी, त्यामुळे लांब नळीत गोळी कितीतरी वेगवान होते.

पुढेमागे यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धा खेळलात तर पॉवर फॅक्टर (गोळीच्या जोराचा आकडा) १२५ लागतो. गोळीचे ग्रेन गुणिले वेग, भागिले १०००. १२४ ग्रेन आणि १०५० फूट म्हणजे १३०. कंपनीची नेहमीची काडतुसं तिन्ही बॅरलमधून यात बसतील.

काठावरचा:
साडेदहाचा मोह मलाही झाला होता, म्हणून कायद्याचं जरा सविस्तर लिहितो.

१९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे रायफलची बॅरल १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती नोंदवावी लागते. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, म्हणून हल्ली सगळे आखूडच सुचवतात. पण फक्त कर गेलाय! अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि बनवण्याआधी मंजुरी हे सगळं तसंच आहे. स्पर्धेसाठी दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी लेखी परवानगी लागते. काही राज्यांत अशी रायफल ठेवताच येत नाही. कॅलिफोर्नियात तर सेमी-ऑटो सेंटरफायर रायफल एकूण ३० इंचांच्या खाली चालत नाही, बॅरल १६ ची असली तरी. शिवाय नोंदणी तुमच्या नावावर असणार. तुम्ही शेजारी नसताना ती लेकीच्या हाती सोपवता येणार नाही, हे तुमच्या बाबतीत महत्त्वाचं.

माप घेताना शस्त्र रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करा, नळीच्या तोंडातून सरळ काठी आत सोडा आणि ती बोल्टला टेकली की तोंडापाशी खूण करा. तेवढी बॅरल. आट्यांवर नुसतं फिरवून बसवलेलं तोंडाचं नळकांडं यात धरत नाहीत. पिन घालून वर वेल्ड केलेलं धरतात. जुनी घेणार असाल तर तो वेल्ड डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि एच-१बी वगैरे व्हिसावर असलेल्यांनी हा धागा वाचून थेट दुकानात जाऊ नये. त्यांना शस्त्र बाळगायला एरवी बंदीच आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर, असे मोजके अपवाद आहेत. आधी वकिलाला विचारा.

रानजाई:
मी साडेपाच अधिक नळकांडं वापरते, आधी जाड १६ इंची होती. फरक सांगते. स्टील चॅलेंजच्या स्मोक अँड होप या टप्प्यात चार मोठ्या आयताकृती पाट्या आणि शेवटी थांबण्याची गोल पाटी. जाड बॅरल एकदा फिरायला लागली की थांबत नसे. डॉट (नेमाच्या काचेतला ठिपका) पाटी ओलांडून पलीकडे जायचा, मग मी तो मागे ओढायची, आणि तेवढ्यात वेळ जायचा. आता डॉट जिथे नजर तिथे थांबतो.

तरीही तुम्हाला मी बारीक, हलकी १६ इंची सांगेन. सगळ्या १६ इंची सारख्या नसतात. भिंत जाड की पातळ यावर पुढचं वजन ठरतं. नळकांड्याच्या आत काजळी साचते, ती काढणं कटकटीचं. वेल्डमुळे हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, पुढच्या हातानं धरायचं आवरण) सुटत नाही. आणि आखूड बॅरलचा आवाज खरंच दणकट असतो. नवीन मुलीला त्या आवाजानं डोळे मिटायची सवय लागली तर ती मोडायला महिने जातात. साडेदहाला आणखी एक काळजी: पुढचा हात तोंडाच्या फार जवळ येतो. घेतलीच तर हँडस्टॉप (हात पुढे सरकू न देणारा अडसर) लावल्याशिवाय तिला देऊ नका.

दुकानात रिकामं मॅगझिन लावून कार्बाइन एका बोटावर तोला. मॅगझिनच्या आसपास तोल साधला तर ती लेकीला झेपेल.

सांजवेळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. साडेदहा रद्द. एक शंका राहिली: मित्राच्या कार्बाइनमध्ये प्रत्येक गोळीला डॉट उडत होता. आखूड घेतली तर जास्त उडेल का?

ग्रेन_१२४:
तो मुख्यतः बोल्टचा धक्का आहे. साध्या ब्लोबॅकमध्ये, म्हणजे बोल्ट फक्त वजन आणि स्प्रिंगनं अडवणाऱ्या रचनेत, बोल्ट मुद्दाम जड ठेवतात, आणि तो मागेपुढे आपटला की डॉट हलतो. बफर (बोल्टमागचं वजन) आणि स्प्रिंग नीट जुळवले तर बराच शांत होतो. रेडियल डिलेडमध्ये (बोल्ट उघडायला मुद्दाम उशीर लावणारी रचना) बोल्ट हलका असतो, पण किंमत वाढते. बॅरलवर वाचलेले पैसे तिकडे लावा. आणि लांबी कमी-जास्त होणारा स्टॉक घ्या, तुमचे आणि तिचे हात सारखे नाहीत.

सांजवेळ:
काल दोन कार्बाइन बोटावर तोलल्या. बारीक १६ इंचीचा तोल मॅगझिनच्या जेमतेम दोन बोटं पुढे आला. स्टॉक सगळ्यात आखूड करून लेकीनं ती मिनिटभर धरली, टोक हललं नाही. तीच घेतली.