निवेदनात आधी काय मागायचं : तालुक्याला मानसोपचार, की उसाचं बिल?

खानापूरकर
जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आमच्या मंडळात चाललाय. माझी मागणी एकच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका दवाखान्यात मानसिक आजाराच्या गोळ्या बारा महिने मिळाल्या पाहिजेत. फेऱ्या, पोस्टरं, व्याख्यानं त्यानंतर.

हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, असं म्हणून सोडता येणार नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. १९९६ मध्ये तो जिल्ह्यांत नेला, तेव्हा नमुना घेतला तो आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीचा : प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवायचं आणि गोळ्या तिथंच द्यायच्या. कसं करायचं हे कर्नाटकाला केव्हापासून ठाऊक आहे.

आमच्या भागात काय होतं ते सांगतो. पोराला घेऊन बाप पहाटेच्या गाडीनं धारवाडच्या डिम्हान्सला, म्हणजे सरकारी मानसोपचार दवाखान्याला, जातो. दोघांचा रोज बुडतो. गोळ्या लागू पडतात, पोरगा शेतात यायला लागतो, जेवतो, झोपतो. मग पेरणीच्या गडबडीत एक फेरी चुकते, गोळ्या संपतात, आणि महिन्याभरात पोरगा परत रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालतो. त्याच गोळ्या खानापुरात मिळाल्या असत्या, तर हे झालं नसतं.

शिवारवाला, अथणी
दादा, तळमळ कळते, पण मागणी चुकीच्या दारात चाललीय. ऊस कारखान्याला पोचल्यावर १४ दिवसांत कारखान्यानं बिल द्यायचं हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. बिल थकलं की सोसायटीचं व्याज चढतं, पोरीचं लग्न लांबतं, माणूस रात्री छताकडं बघत पडतो. २०१९ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं, त्यानंतर आमच्याकडची माणसं ढग दाटले तरी धास्तावतात. त्याला आजार म्हणून गोळी दिली की ज्यांच्याकडं पैसे अडकलेत ते मोकळे. उद्या म्हणतील, शेतकरी मनानंच कच्चा होता.

खानापूरकर
बिलाचं सगळं खरं. पण एनसीआरबी, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्यात. कारणांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, आणि कर्ज-दिवाळखोरी ४ टक्क्यांच्या आसपास. सगळं उसाच्या बिलावर टाकून कसं चालेल?

शिवारवाला, अथणी
ते कारण लिहितं कोण? पोलीस, पंचनाम्यात. सावकार दारात येऊन बोलून गेला, त्यावरून नवरा-बायकोत भांडण झालं, आणि रात्री त्यानं तणनाशक घेतलं. कागदावर काय येणार? घरगुती वाद. तुमच्या ३१ टक्क्यांत आमचं कर्ज किती दडलंय ते आधी बघा.

आशाताई, चिकोडी
तुम्ही दोघंही शेतकरी बाप्यांवरच बोलताय. मी आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती, घरोघर फिरते. एक बाळंतीण होती, दहाव्या दिवशी बाळाला जवळ घेईना, पाजेना, भिंतीशी बोलायची. सासू म्हणाली, बाहेरचं लागलंय, अमावस्येला उतरवून घेऊ. माझ्या वहीत बाळाचं वजन लिहायला रकाना आहे, लसीला आहे, आईच्या डोक्यात काय चाललंय त्याला नाही. डॉक्टरीण बाई ओळखीच्या होत्या म्हणून त्याच दिवशी दाखवता आलं, आणि ती सावरली. खानापूरकर दादा, गोळ्या कपाटात भरून काय उपयोग, दारात जाऊन विचारणारंच कोणी नसेल तर? निवेदनात आमचं प्रशिक्षण घाला. आणि कामाचा मोबदलाही, फुकट नको.

मास्तर, निपाणी
भाषेचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ताप असेल तर कपाळाला हात लावून कळतो. इथं तपासणी म्हणजे बोलणंच. मराठी बाई कन्नड डॉक्टरांपुढं बसते, मधे दुभाष्या म्हणून तिचाच पोरगा. नवरा दारू पिऊन काय करतो ते ती पोराच्या तोंडून सांगणार आहे का? ती म्हणते, छातीत धडधडतंय. मग ईसीजी काढतात आणि घरी पाठवतात. डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्यापुढं रांग असते. पण समुपदेशक मराठी जाणणारा हवा, ही मागणी आपण नाही करायची तर कोणी करायची?

आमची माणसं म्हणूनच कोल्हापूर-मिरजेला पळतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, पण ती मुळात दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. दरमहाच्या गोळ्यांचा खर्च खिशातूनच जातो.

यल्लम्माभक्त
सौंदत्तीला जाणं बंद करा असं निवेदनात घालणार असाल, तर आमचा विरोध. आईच्या पायाशी माणसाला धीर मिळतो.

खानापूरकर
तसं कोणी म्हणत नाही, भाऊ. जत्राही करा, गोळीही घ्या. फक्त माणसाला साखळीनं बांधू नका. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या झोपडीत आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले २८ जण जळून मेले, त्यांना सुटताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ नं साखळीला बंदीच आहे.

आशाताई आणि मास्तर, तुमचं दोन्ही मसुद्यात घेतो. तोवर कोणाच्या घरी नड असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर लावा, फुकट आहे, रात्रीही लागतो.

आशाताई, चिकोडी
नंबर चांगला आहे. पण ज्या सुनेचा फोन सासऱ्याच्या खिशात असतो, तिनं लावायचा कसा? म्हणून म्हणते, माणूस दारात आला पाहिजे.

शिवारवाला, अथणी
ताईंचं पटलं, मास्तरांचंही. गोळ्यांना माझा विरोध नव्हता आणि नाही. पण १४ दिवसांत ऊस बिल आणि थकलं तर व्याज, ही ओळ निवेदनात पहिल्या पानावर आली पाहिजे. ती नसेल तर अथणीकडच्या सह्या मी गोळा करणार नाही.